पस्तीस हजारांचा कॉम्प्युटर आणि बोर्डाचा घोळ

वाचकांचं पत्र: मी बार्शीत घरूनच चार-पाच दुकानांचे टॅलीवरचे हिशेब आणि जीएसटीचं काम बघते. मुलगा सिव्हिल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्याला ऑटोकॅड लागतं. आमचा कॉम्प्युटर २०१३ चा, आता फार रडवतो. मॉनिटर चांगला आहे, म्हणून फक्त सीपीयू नवा करायचा आहे. पस्तीस हजारांच्या वर जायचं नाही. एका दुकानदाराने ‘आय७, १६ जीबी रॅम, नवाकोरा बोर्ड (मदरबोर्ड)’ असा सेट चौदा हजारांत सांगितला. पुण्यातला भाचा म्हणतो, बी७६० बोर्डच घे, वायफायवाला, नाहीतर पुढे पस्तावशील. बोर्डावर एवढे पैसे घालावेत का? जुनी रॅम, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), कॅबिनेट चालेल का? आमच्याकडे लाइट सारखी जाते-येते आणि एकदा पावसाळ्यात बोर्ड उडालेला आहे, त्याची धास्ती आहे.

उत्तर: ताई, आधी थेट सांगते. एच६१० चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डाला काय काय जोडता येईल हे ठरवणारी त्यावरची चिप), डीडीआर४ म्हणजे चौथ्या पिढीची रॅम घेणारा बोर्ड आणि त्यावर इंटेलचा बाराव्या पिढीचा आय३-१२१०० प्रोसेसर, एवढ्यावर तुमची टॅली आणि मुलाचं ऑटोकॅड दोन्ही आरामात चालेल. दुकानदाराचा सेट घेऊ नका. भाच्याचा बोर्ड चांगला आहे, पण तुमच्या कामात त्याचे जास्तीचे पैसे वसूल होणार नाहीत. ते पैसे कुठे घालायचे तेही पुढे सांगते, कारण तुमच्या घरी बोर्ड उडाला होता, ही या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे.

बोर्ड बदलल्याने कॉम्प्युटर वेगवान होत नाही. तोच प्रोसेसर, तीच रॅम आणि तीच एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी येणारी जलद डिस्क) सहा हजारांच्या बोर्डावर लावा नाहीतर पंधरा हजारांच्या, टॅलीचं व्हाउचर तेवढ्याच वेळात सेव्ह होईल. बोर्डाकडून आपल्याला चार गोष्टी हव्यात: प्रोसेसर त्यात बसावा, त्याला सरळ वीज मिळावी, आपल्याला लागणाऱ्या वस्तू जोडायला जागा असावी आणि बिघडला तर कुणीतरी बदलून द्यावा. म्हणून आधी प्रोसेसर ठरवायचा आणि मग त्याला साजेसा बोर्ड शोधायचा. बाजारात बहुतेक लोक हे उलटं करतात.

आता त्या चौदा हजारांच्या सेटबद्दल. ‘आय७’ म्हणजे कितव्या पिढीचा, हे दुकानदाराने सांगितलेलं दिसत नाही. एवढ्या पैशांत नव्या बोर्डासकट मिळणारा आय७ बहुधा आय७-२६०० किंवा आय७-३७७० असतो. हे अनुक्रमे २०११ आणि २०१२ चे प्रोसेसर, दुसऱ्या कुठल्या तरी कॉम्प्युटरमधून काढलेले. त्यांच्या जोडीला येणारा एच६१ बोर्ड (एच६१० नव्हे) ‘नवा’ असतो तो एवढ्याच अर्थाने, की त्याची पाटी नवी छापलेली असते. चिपसेट २०११ चाच. मूळ कंपन्यांनी हे बोर्ड बनवणं कधीच बंद केलं आहे. आज मिळतात ते अनोळखी नावांचे, ज्यांची ना वेबसाइट धड असते ना बायोसचा (बोर्ड सुरू करणाऱ्या आतल्या सॉफ्टवेअरचा) अपडेट कधी येतो. या चिपसेटला साटाचा, म्हणजे डिस्क जोडायच्या पोर्टचा, वेग मुळात ३ गिगाबिट, म्हणजे नवी एसएसडी लावली तरी ती निम्म्या वेगावर अडकते. बोर्डावर एम.२ ची, म्हणजे पट्टीसारख्या एसएसडीची, खाच दाखवतात, पण ती कुठल्या वेगाची आणि तिच्यावरून विंडोज सुरू होईल का, हे खोक्यावर लिहिलेलं नसतं. रॅम डीडीआर३, तीही जास्तीत जास्त १६ जीबी.

तुमच्या धंद्याच्या दृष्टीने यातली खरी अडचण वेगळी आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, आणि या सेटमध्ये दोन्ही नाही. आडमार्गाने विंडोज ११ चढवून देणारे भेटतात. पण मायक्रोसॉफ्ट अशा मशिनला अपडेटची हमी देत नाही. तुमच्या कॉम्प्युटरवर चार-पाच दुकानांचे हिशेब, जीएसटी पोर्टलचे पासवर्ड आणि बहुधा कुणाच्या तरी डिजिटल सहीचा टोकन असणार. लोकांच्या पैशांचं काम अशा मशिनवर करू नये. आणि वेगाचं म्हणाल, तर चार कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला काम करणारा एकेक भाग) आय३-१२१०० त्या जुन्या आय७ ला प्रत्येक कामात मागे टाकतो. नावातला ७ आणि ३ हा आकडा एकाच पिढीत तुलना करायला ठीक असतो. पिढ्यांमध्ये दहा वर्षांचं अंतर असलं की त्याला अर्थ राहत नाही.

आय३-१२१०० च का? ऑटोकॅड एका वेळी मुख्यतः एकच कोअर वापरतं, त्यामुळे कोअर किती आहेत यापेक्षा एकेक कोअर किती जलद आहे हे तिथे महत्त्वाचं. टॅलीचंही तेच. या प्रोसेसरचा एकेक कोअर जलद आहे आणि त्यात स्वतःचं ग्राफिक्स, म्हणजे मॉनिटरवर चित्र उमटवणारा भाग, आहे, वेगळं कार्ड लागत नाही. फक्त शेवटचं अक्षर नीट बघा. आय३-१२१००एफ हा थोडा स्वस्त मिळतो, पण ‘एफ’ म्हणजे ग्राफिक्स नाही. तो लावला तर बोर्डाच्या मागचं एचडीएमआय आणि व्हीजीए (मॉनिटर जोडायच्या जागा) दोन्ही मुकं राहतं, पंखा फिरतो आणि मॉनिटर काळाच. मग लोक बोर्ड खराब निघाला म्हणून भांडायला जातात. मुलाला पुढे रेव्हिटसारखं त्रिमितीय काम करायचं असेल तर आय५-१२४०० घ्या. बोर्ड तोच चालेल.

प्रोसेसर खोक्यातला घ्या, ‘ट्रे’, म्हणजे सुटा, नको. खोक्यात पंखा मिळतो आणि इंटेलची तीन वर्षांची वॉरंटी. ट्रेच्या प्रोसेसरला वॉरंटी दुकानदार सांगेल तेवढी, आणि पंखा वेगळा घ्यावा लागतो.

आता बोर्ड. या प्रोसेसरचं सॉकेट, म्हणजे तो बसतो ती जागा, एलजीए१७००. त्यात बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे प्रोसेसर बसतात. एच६१० हा त्या सॉकेटचा सगळ्यात साधा चिपसेट. त्यात नेमकं काय कमी आहे हे कळलं की निर्णय सोपा होतो. रॅमच्या दोनच खाचा असतात. रॅमचा वेग डीडीआर४ मध्ये ३२०० वर थांबतो, ३६०० ची रॅम आणली तरी ३२०० नेच चालते, तेव्हा महाग रॅम घेऊ नका. एम.२ एसएसडी पीसीआयई (बोर्डावरच्या जलद जोडणीचा प्रकार) ३.० च्या वेगाने चालते, म्हणजे सेकंदाला साडेतीन हजार एमबीच्या आसपास. पीसीआयई ४.० ची एसएसडी लावली तरी चालेल, पण याच वेगाने. टॅली आणि ऑटोकॅडमध्ये हा फरक तुम्हाला जाणवणारही नाही. साटाची चार पोर्ट असतात. ग्राफिक्स कार्डाची मोठी खाच मात्र पीसीआयई ४.० असते, तेव्हा उद्या मुलाने कार्ड बसवायचं म्हटलं तरी बोर्ड आडवा येत नाही.

बी७६० मध्ये यावर काय मिळतं? बहुतेकांना रॅमच्या चार खाचा, दोन जलद एम.२, जास्त यूएसबी आणि वीज पुरवणाऱ्या भागावर धातूचे पट्टे. फरक चार-पाच हजारांचा. आय५-१३४०० किंवा त्याच्या वरचा प्रोसेसर घेणार असता, व्हिडिओ एडिटिंग करणार असता, ३२-६४ जीबी रॅम टप्प्याटप्प्याने वाढवायची असती, तर भाच्याचं ऐका म्हटलं असतं. त्याच्या कामाला तो बोर्ड योग्यच असेल.

तो वीज पुरवणारा भाग म्हणजे व्हीआरएम, त्याच्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण स्वस्त बोर्डात कात्री लागते ती इथेच. एसएमपीएसकडून बोर्डाला १२ व्होल्ट येतात, प्रोसेसरला लागतात एक-सव्वा व्होल्ट. हे उतरवायचं काम प्रोसेसरच्या शेजारचे छोटे काळे चौकोनी मॉसफेट आणि त्यांच्या पुढ्यातल्या करड्या ठोकळ्यांसारख्या कॉइल करतात. आय३-१२१०० पूर्ण जोरात ८९ वॅटपर्यंत ओढतो. सव्वा व्होल्टला ८९ वॅट म्हणजे सत्तरेक अँपिअर. एवढं साध्या एच६१० बोर्डाला झेपतं. आय५-१२४०० ची मर्यादा ११७ वॅट, तेही बहुतेक बोर्डांना जमतं. पण उद्या कुणी स्वस्तात जुना आय७-१२७०० दिला आणि तो याच बोर्डावर चढवला, तर तो १८० वॅट मागणार. तेव्हा मॉसफेट तापतात, बोर्ड स्वतःला वाचवायला प्रोसेसरचा वेग खाली ओढतो आणि मशीन पहिली पाच मिनिटं पळून मग रांगायला लागतं. असं होतंय का हे एचडब्ल्यूइन्फो नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये दिसतं. ‘व्हीआर थर्मल अलर्ट’ या ओळीसमोर ‘यस’ आलं की दोष बोर्डाचा समजा, प्रोसेसरचा नव्हे.

तुमच्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असतो आणि खोलीत एसी नसेल. म्हणून दोन एच६१० बोर्डांत दोन-तीनशेचा फरक असेल आणि एकाच्या मॉसफेटवर धातूचा पट्टा असेल, तर तो घ्या. जाहिरातीतल्या ‘इतक्या फेज’च्या (व्हीआरएममधल्या मॉसफेट-कॉइलच्या गटांच्या) आकड्यावर जाऊ नका. तो आकडा मोजायची पद्धत प्रत्येक कंपनीची वेगळी असते.

नावं वाचताना डोळे उघडे ठेवा. एच६१० डीडीआर४ चाही येतो आणि डीडीआर५ चाही. डबा जवळपास सारखाच, नावात फक्त ‘डी४’ किंवा ‘डीडीआर४’ असतं. दोन्ही रॅमना २८८ पिना, पण मधली खाच वेगळ्या जागी, त्यामुळे एक दुसरीत बसत नाही. अक्षरांनीही फरक पडतो: आसूसच्या प्राइम एच६१०एम-ई डी४ वर एसएसडीसाठी दोन एम.२ आहेत, प्राइम एच६१०एम-के डी४ वर एकच. एमएसआयचा प्रो एच६१०एम-ई डीडीआर४ हाही याच पंक्तीतला. या तिन्हींच्या मागे व्हीजीए आहे, आणि ते तुम्हाला बघायलाच हवं. तुमचा मॉनिटर २०१३ च्या सुमाराचा असेल, तर मागे फक्त निळं व्हीजीए असण्याची दाट शक्यता आहे. दुकानात जायच्या आधी मॉनिटरच्या मागचा फोटो काढून न्या. एचडीएमआयवरून व्हीजीए करणारं जोडणं मिळतं, पण बोर्डावर थेट सोय असताना ती भानगड कशाला.

काही बोर्डांवर एम.२ ची आणखी एक आखूड खाच दिसते. ती वायफाय कार्डाची. तिच्यात एसएसडी बसत नाही, तेव्हा ‘दोन एम.२’ असं कुणी सांगितलं तर दोन्ही एसएसडीच्याच का हे विचारा.

डीडीआर५ घ्यावी का? तुमच्या बजेटमध्ये नको. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव चढले आहेत, डीडीआर४ चेही, पण तरी या बोर्डावर डीडीआर५ मुळे टॅलीत काही मिळणार नाही. ८ जीबीच्या दोन स्टिक घ्या. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स रॅममधूनच जागा घेतं, आणि दोन स्टिक असल्या की दोन्ही मार्गांनी डेटा येतो. ऑटोकॅडमध्ये मोठा प्लॅन सरकवताना हे जाणवतं. भावामुळे बजेट ताणलं, तर आत्ता ८ ची एकच घ्या आणि चार महिन्यांनी तशीच दुसरी. तुमची जुनी डीडीआर३ रॅम २४० पिनांची, ती इथे बसणार नाही. जोर लावून बघू नका.

एक पर्याय प्रामाणिकपणे सांगायला हवा. मुलाला गेम खेळायचे असतील आणि कार्ड घ्यायचं नसेल, तर एएमडीचा रायझन ५ ५६००जी आणि ए५२० बोर्ड बघा. त्याचं आतलं ग्राफिक्स इंटेलपेक्षा बरंच ताकदीचं आहे. तिथे बी५५० बोर्डाचा आग्रह कुणी धरला तर मोडा. बी५५० चा मोठा फायदा पीसीआयई ४.०, आणि ५६००जी स्वतःच ३.० वर थांबतो. एएमडीचं नवं सॉकेट एएम५ पुढच्या काही वर्षांच्या प्रोसेसरांसाठी खुलं आहे. कंपनीने २०२७ पर्यंत आणि पुढे आधार देण्याचं म्हटलं आहे. पण ते फक्त डीडीआर५ घेतं, म्हणून पस्तीस हजारांत ओढाताण होते. एलजीए१७०० ला चौदाव्या पिढीपुढे वाट नाही, हे खरं. हिशेबाचा कॉम्प्युटर तुम्ही आत्तासुद्धा बारा वर्षं वापरलात. दर दोन वर्षांनी प्रोसेसर बदलणाऱ्यांतल्या तुम्ही नाही, म्हणून ही त्रुटी तुमच्या बाबतीत मोठी नाही.

पुढे कधी तेराव्या-चौदाव्या पिढीचा प्रोसेसर घालायचा झालाच, तर आधी कंपनीच्या साइटवर तुमच्या बोर्डाच्या पानावर प्रोसेसरांची यादी बघा. प्रत्येकासमोर कमीत कमी कुठला बायोस हवा ते लिहिलेलं असतं. काही बोर्डांच्या कोपऱ्यात ‘रेव्ह १.०’, ‘रेव्ह १.१’ असं छापलेलं असतं, यादी त्याच आवृत्तीची बघायची. बायोस बदलायचा तो जुना प्रोसेसर बसवलेला असतानाच, यूपीएस चालू ठेवून, कारण मध्येच लाइट गेली तर बोर्ड अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत अडकतो. त्या पिढ्यांतल्या वरच्या प्रोसेसरांना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जाऊन ते खराब होण्याचा दोष होता, त्यावरचा उपाय ऑगस्ट २०२४ पासून बायोसमधून येतो. तेव्हा जुना आय७ किंवा आय९ कुणी स्वस्तात देत असेल तर दोनदा विचार करा. आय३-१२१०० ला या दोषाचा संबंध नाही आणि बायोसही लगेच बदलायची गरज नाही.

दुकानात बोर्ड हातात आला की पैसे देण्याआधी एक गोष्ट तिथेच करा. सॉकेटवरचं काळं प्लास्टिकचं झाकण काढायला सांगा आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरून आत बघा. सतराशे सोनेरी पिना ओळीने एकाच दिशेला झुकलेल्या दिसतात आणि उजेड फिरवला की सगळ्या एकदम चमकतात. एखादी वेगळी चमकली, किंवा ओळीत काळा ठिपका दिसला, तर पिन वाकलेली आहे. तो बोर्ड घेऊ नका. पिना ठीक असतील तर फोटो काढून ठेवा, सिरियल नंबरच्या स्टिकरसकट. प्रोसेसर बसवताना झाकण उडून बाजूला पडतं, ते खोक्यात जपून ठेवा. वॉरंटीत बोर्ड पाठवताना सॉकेटवर ते झाकण नसलं तर सर्व्हिस सेंटर बोर्ड घ्यायला कां-कूं करतं, आणि पिन वाकलेली असेल तर वॉरंटी सरळ नाकारतात. नामवंत कंपन्या आपल्याकडे बोर्डाला तीन वर्षं देतात. जीएसटी बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या, आणि सर्व्हिस सेंटर कुठल्या शहरात आहे, बोर्ड दुकानदार पाठवणार की तुम्ही, हे आधीच विचारा. बाहेरच्या देशातून मागवलेल्या बोर्डाला इथे वॉरंटी मिळेलच असं नाही.

कॅबिनेट जुनं चालेल. एच६१० बोर्ड मायक्रो-एटीएक्स मापाचे असतात आणि भोकं त्याच जागी येतात. पण दोन गोष्टी घात करतात. एक, जुन्या बोर्डासाठी लावलेला पितळी स्टँडऑफ (बोर्ड उचलून धरणारा छोटा खुंट) नव्या बोर्डाखाली जिथे भोक नाही तिथे राहून गेला, तर तो पाठीमागच्या सोल्डरला टेकून शॉर्ट करतो. बोर्ड ठेवण्याआधी भोकं मोजा, जादा स्टँडऑफ काढा. दोन, स्वस्त बोर्ड रुंदीला आखूड असतात, त्यांची उजवी कड अधांतरी असते, तिथे स्क्रू नसतोच. रॅमच्या खाचा आणि चोवीस पिनांचं मोठं कनेक्टर नेमकं त्याच कडेला. कॅबिनेटमध्ये बसवल्यावर ते कनेक्टर दाबलं की कड खाली वाकते, आणि पाटीच्या आतला एखादा बारीक मार्ग तुटू शकतो. म्हणून रॅम बाहेरच बसवून घ्या आणि चोवीस पिनांचं लावताना दुसऱ्या हाताची बोटं कडेखाली आधाराला धरा. असेंबल करणारा पोरगा घाईत असेल तर त्याला हे सांगायला लाजू नका. शक्य असेल तर आधी बोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवून, प्रोसेसर-पंखा-रॅम लावून, मॉनिटरवर चित्र येतं का ते दुकानातच बघा. मगच कॅबिनेटमध्ये.

जुनी एसएमपीएस मात्र काढून टाका. त्या काळच्या स्वस्त एसएमपीएसला प्रोसेसरसाठी चार पिनांचं कनेक्टर असतं, नव्या बोर्डावर आठ पिनांची जागा. चार पिना त्यात बसतात आणि आय३ चालूही होतो, म्हणूनच लोक फसतात. अडचण पिनांची कमी आणि वयाची जास्त आहे. आतले कपॅसिटर सुकलेले असतात, व्होल्टेज स्थिर राहत नाही आणि एक दिवस एसएमपीएस जाताना बोर्डाला सोबत घेऊन जाते. ४५० वॅटची, ८० प्लस प्रमाणित (हे वीज कमी वाया जाते याचं प्रमाणपत्र), चांगल्या कंपनीची घ्या. बी७६० चे वाचलेले पैसे पहिले इथे घाला. उरलेले यूपीएसमध्ये. हा सगळा सीपीयू पूर्ण जोरात शंभर वॅटच्या आसपास ओढेल, त्यामुळे ६०० व्हीएचा यूपीएस फाइल सेव्ह करून बंद करायला पुरतो. जुना यूपीएस असेल तर बहुधा नुसती बॅटरी बदलून भागेल.

पावसाळ्यात बोर्ड का उडाला असेल? दोन कारणं तपासा. पहिलं अर्थिंग. कॅबिनेटच्या धातूला हात लावल्यावर मुंग्या येतात का? येत असतील तर प्लगचा तिसरा पाय नुसता शोभेचा आहे. एसएमपीएसमधल्या फिल्टरची गळती जमिनीत जाण्याऐवजी कॅबिनेटवर येते. वायरमनकडून मीटर लावून घ्या: फेज आणि अर्थ यांत २३० च्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थ यांत दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त नको. अर्थिंग नसेल तर सर्ज रोखणारी पट्टीसुद्धा आपलं काम नीट करू शकत नाही, जास्तीचा दाब जायला वाटच नसते.

दुसरं कारण इंटरनेटची वायर. खांबावरून, गच्चीवरून तांब्याची लॅन केबल थेट घरात आली असेल, तर जवळपास वीज पडली की झटका तिच्यातून लॅनच्या पोर्टात आणि तिथून बोर्डात जातो. यूपीएस इथे काहीही करत नाही, कारण झटका त्याच्या वाटेने येतच नाही. विजेने जळलेला बोर्ड वॉरंटीतही बसत नाही. फायबरच्या तारेतून वीज जात नाही, तेव्हा जमलं तर फायबरचं कनेक्शन घ्या. तरी राउटरचा अडॅप्टर विजेवरच असतो, म्हणून ढग गडगडायला लागले की प्लग आणि लॅनची वायर दोन्ही उपसून ठेवा. याहून सोपा मार्ग म्हणजे लॅन वापरूच नका, काहीशे रुपयांचा यूएसबी वायफाय डोंगल लावा. मग बाहेरच्या तांब्याचा आणि बोर्डाचा संबंधच उरत नाही. भाच्याने वायफाय सुचवलं ते या कारणासाठी बरोबरच आहे. फक्त त्यासाठी बोर्ड बदलायची गरज नाही.

जुन्या हार्ड डिस्कवरचं विंडोज नव्या बोर्डावर बहुधा सुरूच होणार नाही. जुनी डिस्क बहुधा लेगसी, म्हणजे कॉम्प्युटर सुरू करायच्या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेली असते आणि बाराव्या पिढीचं आतलं ग्राफिक्स फक्त यूईएफआय या नव्या पद्धतीने चालतं. ५०० जीबीची एम.२ एसएसडी घेऊन तिच्यावर विंडोज ११ नव्याने टाका. जुनी डिस्क दुसरी म्हणून जोडा, क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये तिची तब्येत बघा, आणि पिवळा रंग दिसला तर तिच्यावर एकही फाइल एकटी ठेवू नका.

आणि टॅलीचं लायसन्स. ते मशिनला बांधलेलं असतं. जुना कॉम्प्युटर जोवर चालू आहे तोवर त्याच्यावर कंपन्यांचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घ्या, मग टॅलीमध्येच लायसन्स ‘सरेंडर’ करा, आणि त्यानंतरच त्याचा बोर्ड उपसायला द्या. नव्या मशिनवर त्याच सिरियल नंबरने ते पुन्हा चालू होईल. आधी बोर्ड काढला तर टॅली ‘एज्युकेशनल’ मोडमध्ये उघडते, आणि रिटर्न भरायच्या तारखेच्या आदल्या दिवशी हे कळलं तर फार धावपळ होते. म्हणून हे काम त्या महिन्याची सगळी रिटर्न भरून झाल्यावरच काढा.